कोपरात उगवलेलं हाड

ज्यांच्या घरात कुणाचं कोपर निखळलंय, प्लास्टर नुकतंच निघालंय, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी मायेनं तेल कोमट करत उभं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी गॅस बंद करा, मग वाचा.

माझं नाव वृंदा. वय सेहेचाळीस. जन्म हैदराबादचा, नारायणगुड्यातला. वडील इथलेच वकील, आजोबा इथल्याच सरकारी नोकरीत. त्यामुळे माझ्या मराठीत अधूनमधून ‘हौ’ येतं, ‘नक्को’ येतं, आणि पुण्याची माणसं हसतात. हसू देत. मी शाळेत हिंदी शिकवते. नवरा श्रीकांत मूळचा कराडचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई कराडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आईच म्हणते. या गोष्टीत मुख्य माणसं एवढीच, आणि एक डॉक्टर.

पडले ती अशी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या घ्यायला बेगम बाजारात गेले होते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना साडीत पाय अडकला. उजवा हात टेकून सावरायला गेले आणि सगळं अंग त्या हातावर आलं. वाट्या रस्ताभर घरंगळल्या. लाज वाटली म्हणून मी आधी वाट्याच गोळा करायला निघाले, तेव्हा कळलं की उजवा हात माझं ऐकतच नाही. तो कोपरापासून भलत्याच दिशेला गेला होता.

कोपर निखळलं होतं. हॉस्पिटलात भूल देऊन सांधा बसवला, तीन आठवडे प्लास्टर घातलं. त्या तीन आठवड्यांत सांगण्यासारखं काही नाही. लोक येत होते, चहा पीत होते, आणि पडले कशी ते मी परत परत सांगत होते.

‘मोड़ो’

प्लास्टर निघालं तेव्हा हात काठीसारखा झाला होता. फिजिओथेरपीचा माणूस जुन्या शहरातला, बोलायला भारी गोड. म्हणाला, “हल्लू-हल्लू मोड़ो, आपा. खुद से मोड़ो. जित्ता मुड़ता उत्ताच. दूसरे किसी का हाथ नक्को लगाओ.”

आई माझ्याशेजारी बसल्या होत्या. ‘मोड़ो’ ऐकताच त्या एकदम ताठ झाल्या, पुढचं काही त्यांच्या कानात शिरलंच नाही.

“मोडा? आत्ता कुठं जागेवर आलंय आणि हा मोडा म्हणतोय? जिभेला काही हाड आहे का मेल्याच्या!”

मला हसू आवरेना. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलं काही चुकलं. घरी येईपर्यंत रिक्षात मी आईंना समजावत होते, की हिंदीत ‘मोड़ना’ म्हणजे वाकवणं, दुमडणं. आईंना ते कळलं, पण पटलं नाही. “असेल. पण शब्दच अशुभ आहे,” म्हणाल्या. संध्याकाळी श्रीकांतला हा किस्सा सांगून मी पुन्हा हसले. कराडला फोन करून नणंदेला सांगितला.

या सगळ्या हसण्यात त्या माणसाचं शेवटचं वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाचा हात लावू नका, हे ते वाक्य. विसरले असं म्हणू शकते, पण खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिळाचं तेल कोमट करून माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा मला ते वाक्य लख्ख आठवत होतं.

आईंच्या हातांबद्दल सांगायला हवं. कराडच्या त्यांच्या आळीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला त्यांना बोलावणं यायचं. पैसे घेत नसत. इथे आल्यावर त्यांना भाषा येईना, रस्ते कळेनात, टीव्हीवरचं कळेना. पण आमच्या खालच्या मजल्यावर एका तेलुगू कुटुंबात बाळ झालं, आणि ते पहिल्यांदा आईंच्या पायांवर आडवं झालं, तेव्हा त्यांना भाषेची गरजच पडली नाही. बिल्डिंगभर त्या ‘मालिशवाली अम्मा’ झाल्या.

असे ते हात माझ्या कोपरावर फिरायला लागले. काय सांगू, इतकं बरं वाटायचं! तीन आठवडे त्या हाताला कुणी मायेनं हात लावला नव्हता. मग मालिश झाली की शेवटी त्या माझा दंड गुडघ्याखाली दाबून मनगट धरायच्या आणि हात सरळ करायला जोर लावायच्या. मी किंचाळायचे. “सोस थोडं,” म्हणायच्या, “सोसल्याशिवाय सांधा सुटत नाही.” मी सोसलं. महिनाभर, रोज सकाळी.

तिसऱ्या आठवड्यात कोपर सुजलं, गरम लागायला लागलं. आईंनी तेल वाढवलं. चौथ्या आठवड्यात कोपराच्या पुढच्या बाजूला, खळगीत, काहीतरी टणक हाताला लागलं. आणि हात जो काटकोनात येऊन थांबला तो थांबलाच. वर येईना, खाली जाईना.

तो दिवस

मार्च संपत आला होता. डॉक्टर साठीचे, तेलुगू, आवाज असा की वर्गात माइक लागणार नाही. आत श्रीकांत आणि मी गेलो. आई बाहेर बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला. कोपराचे तिन्ही भाग मला ओळखता आले, दंडाचं एक हाड आणि खालून येणारी दोन. पण त्यांच्यापुढे, जिथे नुसतं मांस असायला हवं तिथे, पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी होतं.

“मालिश कौन किया, अम्मा?” डॉक्टरांनी मला विचारलं. मी काहीच सांगितलेलं नसताना.

मी श्रीकांतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मग त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा हात घेऊन समजावलं. कोपर म्हणजे दाराची बिजागरी. तिच्यापुढून एक स्नायू जातो. सांधा निखळतो तेव्हा तो फाटतो, आत रक्त साचतं. गप्प ठेवलं तर ते जिरून जातं. पण रोज चोळलं, ताणलं, तर ते पुन्हा पुन्हा फाटतं. शरीराला वाटतं, इथलं हाडच मोडलंय. मग ते हाड बनवायच्या कामाला लागतं. आईच्या पोटात बाळाची हाडं बनतात तशीच रीत असते म्हणे. आधी कानाच्या पाळीसारखं लवचीक, मग हळूहळू त्यात कॅल्शियम भरतं आणि घट्ट हाड तयार होतं. फक्त हे भलत्या जागी. दाराच्या फटीत कुणी पाचर मारावी तसं माझ्या बिजागरीत हाड बसलं होतं.

“तर मग काढा,” मी म्हटलं.

“अभी नहीं. कच्चा है. कच्चा निकाला तो दुगना आता. पकने दो.”

“किती दिवस?”

“आठ-नौ महीने.”

सेहेचाळिसाव्या वर्षी नऊ महिने! मला तिथेच हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं.

श्रीकांतनं विचारलं, “मालिश नसती केली तर हे झालं नसतं का?” डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, नक्की सांगता येत नाही, नुसत्या निखळण्यानंही कधी कधी होतं. पण मालिशनं वाढलं हे नक्की. या उत्तराचा मला पुढे फार त्रास झाला. पूर्ण दोष द्यायलाही जागा नाही आणि पूर्ण माफ करायलाही नाही.

बाहेर पडायच्या आधी, दाराच्या आतच, श्रीकांतनं माझा डावा हात धरला. “वृंदा, आईला सांगू नकोस. तिचं इथं दुसरं काय आहे? तेवढे हातच आहेत. ती खचेल.”

मी मान डोलावली. त्या क्षणी मी चांगली सून होते. पुढचे नऊ महिने ते मला निभावायचं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

काटकोनातले दिवस

कोपर किती ठिकाणी लागतं ते कोपर जाईपर्यंत कळत नाही. उजव्या हातानं घास तोंडात जाईना. टिकली लावता येईना, वेणी घालता येईना, कानातलं घालता येईना. खाजवता येईना, ते तर सोडाच. खाली हात सोडून चालता येईना, त्यामुळे रस्त्यावर मी कायम पर्स सांभाळणाऱ्या बाईसारखी दिसायचे. फळ्यावर लिहिता यायचं, म्हणून शाळा सुटली नाही, एवढी देवाची कृपा.

मी डाव्या हातानं जेवायला शिकले. वरण-भात सांडायचा. एका बारशाच्या पंगतीत शेजारची बाई म्हणाली, “अगंबाई, डाव्या हातानं?” मी म्हटलं, “उजवा उपासाला बसलाय.” पण घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्यानंतर पंगती बंदच केल्या.

श्रीकांत माझी वेणी घालायचा. पहिले पंधरा दिवस ती वेणी नव्हतीच, गाठ होती. पण हळूहळू जमली त्याला. ऑफिसचा फोन कानाला लावून तो तीन पेड घालायचा, आणि मी जेव्हा जेव्हा त्याच्यावर चिडायचे तेव्हा मला ती वेणी आठवून गप्प बसावं लागायचं. हेही एक अडकणंच.

सगळ्यात जड गोष्ट मात्र दुसरीच होती. रोज सकाळी आठ वाजता आई वाटी घेऊन यायच्या.

“आण हात.”

“नको आई. डॉक्टर नको म्हणालेत.”

“डॉक्टरांना काय कळतंय? चार पुस्तकं वाचलेली पोरं ती. चोळल्याशिवाय कुठं सांधा सुटतो होय?”

“राहू दे आई. खरंच नको.”

“तुझी मर्जी.” असं म्हणून वाटी घेऊन जायच्या. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा हजर. रविवारी नाही, सणाला नाही, एकही सुट्टी नाही. मला वाटायचं, ही बाई वेडी आहे की दुष्ट? दिसत नाही का हिला, तिच्या त्याच तेलानं माझा हात गेलाय? मग वाटायचं, कसं दिसेल? तिला कुणी सांगितलंच नाही. आणि कुणी सांगायचं? मी? मला तर ते ‘दूसरे किसी का हाथ नक्को लगाओ’ आधीपासून माहीत होतं. मी तेव्हा सांगितलं असतं तर? हे असं रोज सकाळी आठ वाजता माझ्या डोक्यात फिरायचं आणि तोंडातून मात्र मधाळ आवाजात यायचं, “नको आई.”

एकदा मी श्रीकांतला म्हटलं, “आता मला सोसवत नाही. मी सांगते त्यांना.”

“अजून थोडे दिवस,” तो म्हणाला. “ऑपरेशन होऊ दे.”

“तुला तुझी आई सांभाळायचीय. मला कोण सांभाळणार?”

दुसऱ्या दिवशी त्यानं वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

त्याच सुमारास कधीतरी आईंनी खालच्या मजल्यावर बाळाकडे जाणं बंद केलं. गुडघे धरतात म्हणाल्या. बाळाची आई दोनदा बोलवायला आली. मी तिला तेलुगूत सांगितलं, अम्मांना बरं नाही. मी फार खोलात गेले नाही. स्वतःचा आजार माणसाला फार आपमतलबी करतो, हे मी शरमेनं लिहितेय.

दर दोन महिन्यांनी एक्स-रे. तो कापूस हळूहळू आकसत गेला, कडा स्पष्ट होत गेल्या. मी डॉक्टरांना विचारायचे, “पका क्या?” ते म्हणायचे, “थोडा और.” आंब्यांच्या आढीलासुद्धा मी इतक्या वेळा हात लावून बघितलेला नाही.

ऑपरेशन

दिवाळी झाल्यावर तारीख मिळाली. हाड पिकलं होतं. कापून काढलं, बाहेर आलं ते सुपारीएवढं. श्रीकांतला आणि आईंना ट्रेमध्ये दाखवलं होतं म्हणे. मला नंतर श्रीकांतनं सांगितलं की आईंनी त्या ट्रेला हात जोडले. त्यांच्या लेखी हाड म्हणजे अस्थी, मग माणूस जिवंत का असेना.

तुमच्यातल्या कुणाचं हे व्हायचं असेल तर सांगते. ऑपरेशन सोपं, नंतरचा व्यायाम कठीण. स्वतःचा हात स्वतःच वाकवायचा, दुसऱ्याची ताकद घ्यायची नाही. दुखेल. पण ते दुखणं तुमच्या ताब्यात असतं, हा मोठा फरक आहे. ज्या दिवशी माझ्या बोटांना माझा खालचा ओठ लागला त्या दिवशी मी बाहेर गॅलरीत जाऊन उगाचच अंगठा चोखला. कुणी बघितलं नाही. आता घास तोंडात जातो. टिकली लागते. हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा राहिलाच. तो तसाच राहणार, असं डॉक्टर म्हणाले. चालेल.

मागे ठेवलेली गोष्ट

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाबद्दल मी वर लिहिलं नाही. लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

सकाळची वेळ. श्रीकांत खाली औषधं आणायला गेला होता. आई माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होत्या. डॉक्टर राउंडला आले, टाके बघितले, खूश झाले, आणि त्यांच्या त्या आवाजात मला म्हणाले, “एक्सरसाइज करो, अम्मा. मगर मालिश एकदम बंद. पिछली बार उसी से हुआ ना?”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. नऊ महिने आम्ही दोघांनी जपलेलं एका वाक्यात गेलं.

“आई,” मी म्हटलं, “ते आपलं सगळ्यांनाच तसं म्हणतात...”

“पुरे, वृंदा.” मोसंब्याच्या फोडीवरचा पांढरा धागा त्या काढत होत्या. “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. दाराबाहेरच तर बसले होते. त्या माणसाचा आवाज बघ की. आणि मालिश एवढा शब्द मलाही कळतो. मग तुम्ही दोघं बाहेर आलात ती तोंडं बघितली.”

“मग रोज सकाळी ती वाटी कशाला आणत होतात? मी नको म्हणत होते तरी?”

आईंनी फोड ताटलीत ठेवली.

“तू ओरडशील म्हणून.”

“काय?”

“म्हटलं, आज तरी हिचा तोल जाईल. आज तरी म्हणेल, थेरडे, तू माझा हात घालवलास. काहीही बोलली असतीस तरी ऐकून घेतलं असतं गं मी. पण तू आपली रोज, नको आई, राहू दे आई. कसलं गोड बोलायचीस! त्या गोड बोलण्यानं मला आतून पोखरलं.”

“आणि मी हो म्हटलं असतं तर? लावा तेल, असं म्हटलं असतं तर?”

“तर पाडली असती वाटी हातातून. पुन्हा त्या हाताला हात लावायची छाती होती होय माझी?”

त्या रडत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, मोसंब्याच्या रसानं ओले. त्या हातांकडे बघताना मला जे वाटलं ती दया नव्हती. खरं सांगते, संताप होता. आणि मी ओरडले.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला गुडघ्याखाली दाबायला? मी किंचाळत होते ते ऐकू येत नव्हतं? सोस म्हणे! नऊ महिने सोसलं! कुत्र्यासारखी जेवले मी, वाटीत तोंड घालून, तुम्ही घरात नसताना! आणि रोज सकाळी तुम्ही समोर! मला झोप यायची नाही, आठ वाजणार म्हणून! आणि मला माहीत होतं! त्या फिजिओवाल्यानं सांगितलं होतं कुणाचा हात लावू नका म्हणून! मी तुम्हाला सांगितलं नाही! मला बरं वाटत होतं म्हणून नाही सांगितलं! तुम्ही तरी विचारायचं ना! कुणीतरी विचारायचं ना!”

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मला थांबता येत नव्हतं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, सासऱ्यांपासून संक्रांतीपर्यंत सगळं निघालं. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

सिस्टर धावत आली. “एमैंदम्मा? एमैंदी?” काय झालं म्हणून विचारत ती माझा खांदा धरायला वाकली. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि आईंना तेलुगूचं. आईंनी तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं.

“थांब गं बाई,” आई म्हणाल्या. “आत्ता कुठं बोलतेय ती.”